रोहितचा पाय, सृष्टीचं नाव

अंगणवाडीत सृष्टीचा शब्द चालायचा. सुवर्णाताईंचाही चालायचा, पण सृष्टीनं मान हलवल्यावर.

सतरंजीवर कुणी कुणाशेजारी बसायचं हे सृष्टी ठरवायची. बाहुलीचं आज लग्न आहे की तिला ताप आलाय, हेही तीच ठरवायची. वजनकाट्यावर आधी कोण चढणार, गाणं कुठून सुरू करायचं, कुणाचं रडणं खरं आणि कुणाचं खोटं, सगळे निकाल तिच्याकडे. खिचडीची वेळ झाली की सुवर्णाताई पातेल्याशी बसायच्या आणि सृष्टी ताटल्या वाटत फिरायची. ज्याच्यावर मर्जी त्याची ताटली आधी. रोहितची तर नेहमीच आधी, कारण रोहित तिचा माणूस होता. शेजारच्या घरातला, नुकताच पाचाचा झालेला, नाक सदा वाहतं, आणि सृष्टीताई सांगेल ते डोळे मिटून खरं मानणारा. मांजर अंडी घालतं असं तिनं एकदा सांगितलं, तर पुढे कितीतरी दिवस तो कोंबडीकडे संशयानं बघत होता.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मे महिन्यात साधना सृष्टीच्या घराच्या ओट्यावर येऊन बसली. साधना चौथीत जाणार होती आणि ते ती कुणालाही विसरू देत नव्हती.

"तू आता पहिलीत ना? म्हणजे कच्चं लिंबू," साधना म्हणाली.

"का?"

"पहिलीवाले कच्चं लिंबूच असतात. लंगडी खेळताना घेऊ आम्ही तुला. पण तुला पकडलं तरी तू बाद नाय, आणि तू कुणाला पकडलं तरी तो बाद नाय. नुसतं पळायचं."

हे सृष्टीला फार लागलं. बाद झालेलं तिला चाललं असतं, एक वेळ रडून घेतलं असतं. पण खेळतेय तरी मोजतच नाहीत, हे काय भलतंच.

संध्याकाळी सृष्टीची आई मोहिनी भाकऱ्या करत होती. सृष्टी परातीजवळ जाऊन बसली.

"आई, पहिलीत ताटल्या कोण वाटतं?"

"मोठी पोरं वाटतात. तू आपलं गपचूप बसून खायचं."

"मग मी नाय जाणार पहिलीत."

"बरं," मोहिनी म्हणाली आणि तिनं भाकरी उलटली.

आईचं हे 'बरं' सृष्टीच्या चांगल्या ओळखीचं होतं. हे 'बरं' म्हणून आईनं तिचे केस कापले होते, कानही टोचून आणले होते. तेव्हा बोलून उपयोग नव्हता. काहीतरी करायला हवं होतं.

आता पहिलीत जातात म्हणजे नेमकं काय होतं, याचा सृष्टीनं बारकाईनं विचार केला. शाळा तर तीच होती. एकाच पटांगणात, एकाच लांब ओट्यावर शेवटची खोली अंगणवाडीची आणि तिला लागून पहिलीचा वर्ग. मधे एक भिंत. पटांगणातून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायच्या, त्या दोन्ही दारांतून सारख्याच दिसायच्या. मग इकडचं पोर तिकडचं होतं ते कशानं?

पावलानं. त्यात शंकाच नव्हती.

शाळेच्या पहिल्या दिवशी पहिलीतल्या पोरांचं उजवं पाऊल कुंकवाच्या पाण्यात बुडवून पांढऱ्या कागदावर उमटवायचे. वर नाव, खाली पाऊल. ते कागद वर्षभर वर्गाच्या भिंतीवर लागायचे. मागच्या वर्षी अमितचं पाऊल असंच उमटलं, आणि दोनच दिवसांनी तो ताटली घेऊन पुन्हा अंगणवाडीच्या दारात उभा राहिला होता. तेव्हा सुवर्णाताई हसत हसत म्हणाल्या होत्या, "अरे, तुझं पाऊल उमटलं ना तिकडं? मग आता तू तिकडचा." अमित बिचारा ताटली घेऊन परत गेला. सृष्टीनं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ज्याचं पाऊल भिंतीवर गेलं, त्यातला एकही परत आला नव्हता.

म्हणजे पाऊल द्यायचं नाही, की झालं.

शाळा उघडली त्या दिवशी सरपंचांचा ट्रॅक्टर आंब्याची पानं आणि फुगे लावून आला. पहिलीतल्या पोरांना पुठ्ठ्याचे सोनेरी मुकुट घातले आणि ट्रॉलीत बसवून गावातून मिरवलं. सृष्टी बसली. पहिलीत जायचं नव्हतं हे खरं, पण ट्रॅक्टरला नाही म्हणायला ती काही वेडी नव्हती. ट्रॉलीमागे रोहित धावत होता, नाक पुसत आणि रडत.

"मलाबी बसायचंय."

"पुढच्या वर्षी हं बाळा," कुणीतरी वरून म्हणालं. "हे फक्त पहिलीवाल्यांसाठी."

सृष्टीनं धावणाऱ्या रोहितकडे बघितलं. मग त्याच्या पायांकडे बघितलं. मग ती पुढच्या साऱ्या रस्त्यात एक शब्द बोलली नाही. ट्रॉलीबरोबर चालणाऱ्या मोहिनीला वाटलं, पोरगी शाळेच्या धास्तीनं गप्प झाली. तिला भरून आलं. तिनं शाळेच्या फाटकात लेकीचा पटकन मुका घेतला आणि कामाची गाडी निघेल म्हणून ती पदर सावरत गेली.

ओट्यावर परात मांडली होती. तेजस्विनी मॅडम गुडघ्यांवर बसून स्केचपेननं एकेकाचं नाव लिहीत होत्या. त्या नाशिकरोडहून स्कूटीवर यायच्या आणि पहिलीचा वर्ग त्यांच्याकडे यंदाच आला होता. नाव लिहायचं, पाऊल बुडवायचं, कागदावर टेकवायचं, फडक्यानं पुसायचं. सृष्टीचा नंबर आला की ती बाजूला व्हायची.

"तू जा आधी," ती मागच्याला म्हणायची. "तू पण जा."

"किती समजूतदार आहे गं," मॅडम म्हणाल्या.

होता होता ओट्यावर ती एकटीच उरली. मॅडमनी शेवटच्या कागदावर छान वळणदार 'सृष्टी' लिहिलं. तेवढ्यात पटांगणातून हाक आली. पाहुण्यांना फोटो काढायचा होता आणि पहिलीच्या मॅडमशिवाय तो काढता येत नव्हता.

"इथंच थांब हं सृष्टी. आलेच मी."

मॅडमची पाठ वळली. सृष्टीनं अंगणवाडीच्या दारात मुंडकं घातलं.

"रोहित. इकडं ये. पहिलीत बसायचंय का तुला?"

रोहितला पुढचं ऐकायचीसुद्धा गरज नव्हती. तो आलाच.

"पाय दे. हा नाय, उजवा. जेवतो त्या हाताकडचा."

रोहितचा पाय परातीत गेला, तिथून कागदावर टेकला आणि वर उचलला. कागदावर लालभडक, गुबगुबीत, ऐटबाज पाऊल उमटलं. सृष्टीनं स्वतःचा मुकुट काढून त्याच्या डोक्यावर ठेवला. तो त्याच्या भुवयांपर्यंत आला.

"आता तिकडं जाऊन बस. नाव विचारलं तर सृष्टी सांग."

"आणि तू?"

"मी आपली इथंच," असं म्हणून सृष्टी अंगणवाडीत शिरली, बूट काढून सतरंजीवर मांडी घालून बसली आणि तिनं सुटकेचा मोठा श्वास सोडला.

थोड्या वेळानं भिंतीपलीकडून हजेरी ऐकू यायला लागली. एकेक नाव, एकेक 'हजर'. मग मॅडमनी "सृष्टी" म्हटलं.

"हजर मॅडम," रोहितचा आवाज आला, सर्दीनं भरलेला.

वर्ग खिदळला. "मॅडम, ह्यो रोहित हाये. अंगणवाडीतला."

"नाय. माझं पाऊल उमटलंय," रोहित म्हणाला. पाठोपाठ बाकावर काहीतरी धपकन आपटल्याचा आवाज आला. त्यानं पुरावा म्हणून लाल पाय बाकावर ठेवला असणार.

जरा वेळानं तेजस्विनी मॅडम कागद हातात धरून अंगणवाडीच्या दारात आल्या. सृष्टी भिंतीवरचं भाज्यांचं चित्र बघत होती. दुधी भोपळ्यात तिचं इतकं लक्ष लागलेलं पूर्वी कधी कुणी पाहिलं नव्हतं.

"सुवर्णाताई, जरा घोळ झालाय," मॅडम म्हणाल्या. "तुमचा रोहित पहिलीत आलाय. पाऊलही देऊन झालंय त्याचं."

सुवर्णाताईंनी कागद घेतला. वरचं नाव वाचलं, खालचं पाऊल बघितलं, मग दुधी भोपळा बघणारी पाठमोरी वेणी बघितली. अंगणवाडीत त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

"मग आता काय करता, मॅडम? उमटलेलं पाऊल काय परत घेता येतं होय? गेला तो तिकडं."

"पण मग ही?"

"ही उरली त्याच्या जागेवर. हिचं नाव गेलं ना त्या कागदावर. बिननावाचं पोर मी कसं ठेवू? रोहितचं नाव मोकळं झालंय, तेच हिला देते. काय रे रोहित, चालंल ना?"

मॅडमना एकदम खोकला आला. त्यांनी ओढणी तोंडाशी धरली आणि त्या बराच वेळ खोकल्या.

सृष्टीनं हिशेब केला. ताटल्या, सतरंजी, बाहुली, वजनकाटा. त्यापुढं एक नाव म्हणजे काहीच नाही.

"चालंल," ती म्हणाली.

"मग झालं तर," असं म्हणून मॅडम कागद परत घेऊन वर्गात गेल्या. पलीकडे गेल्यावरही त्यांचा खोकला काही थांबला नव्हता.

राज्य राखलं होतं. सृष्टीनं हात झटकले आणि कामाला लागली.

"चला, सगळे गोल करा," तिनं हुकूम सोडला.

"रोहित, खाली बस," सुवर्णाताई म्हणाल्या. "इकडं माझ्याजवळ. तुझी जागा कुठं असती?"

रोहितची जागा ताईंच्या मांडीशी असायची, कारण त्याचं नाक हाताच्या अंतरावर लागायचं. सृष्टी तिथं बसली. गाणं सुरू झालं. दुसऱ्या ओळीला ताईंच्या हातातलं फडकं अचानक तिच्या तोंडावर आलं.

"शिंकर."

"माझं नाक नाय आलं."

"रोहितचं नेहमीच येतं. शिंकर बरं."

सृष्टीनं शिंकरलं. काही आलं नाही. गाणं संपेपर्यंत हे आणखी दोनदा झालं. मग वजनकाटा निघाला आणि ती सवयीनं सगळ्यांच्या पुढं जाऊन उभी राहिली, तर चिमुरड्या पल्लवीनं तिचा फ्रॉक ओढला.

"रोहित मागं असतो," पल्लवी म्हणाली.

ही पल्लवी म्हणजे सुट्टीच्या आधी कुठं बसायचं हे सृष्टीला विचारून बसणारी. सृष्टीनं ताईंकडे बघितलं. ताई काट्याचा आकडा वाचण्यात अगदी गढून गेल्या होत्या.

खिचडीचं पातेलं आलं तेव्हा सृष्टी उठलीच. हे तर तिचंच काम होतं, याला कुणाची ना असणार?

"ताटल्या आणते, ताई."

"तू कशाला? ताटल्या तर सृष्टी वाटती."

"मीच ना ती."

"सृष्टी गेली पहिलीत. तू रोहित हायेस," सुवर्णाताई इतक्या सरळ चेहऱ्यानं म्हणाल्या की सृष्टीला क्षणभर स्वतःचीच शंका आली. "आता सृष्टीच्या जागी कुणीतरी नवीन बघाया लागंल. पल्लवी, जमंल का गं तुला?"

पल्लवीला जमलं. नुसतं जमलं नाही, ती जन्मभर याच कामाची वाट बघत होती. तिनं मर्जीतल्यांना आधी वाटल्या, भांडकुदळांना मग वाटल्या, आणि सगळ्यात शेवटची, काठाला पोचा पडलेली ताटली सृष्टीपुढं ठेवली.

"सांडू नको हं, रोहित," ती म्हणाली आणि तिनं सृष्टीच्या डोक्यावर हात फिरवला.

सृष्टी खिचडीकडे बघत राहिली. ती अंगणवाडीत राहिली होती हे खरं. पण जिच्यासाठी राहायचं होतं, ती सृष्टी मात्र भिंतीपलीकडे बाकावर बसली होती, भुवयांपर्यंत मुकुट घालून.

आणि त्यातच निळी पेटी घेऊन सिस्टर आल्या.

लसीचा दिवस तोच आहे हे सुवर्णाताईंच्याही ध्यानातून गेलं होतं. सिस्टर घाईत होत्या, त्यांना पुढच्या गावाला जायचं होतं. पेटी उघडली, कापूस निघाला, स्पिरिटचा वास सुटला आणि खोली चिडीचूप झाली.

"पाच वर्षांचा डोस. रोहित किशोर. कोण आहे रोहित?"

सगळ्या माना एकदम वळल्या.

"ही हाये," पल्लवीनं बोट दाखवून सांगितलं. नवीन जबाबदारी तिनं अगदी मनावर घेतली होती.

सिस्टरनी वेणी बघितली, फ्रॉक बघितला. "ही?"

सुवर्णाताई काहीतरी बोलणार होत्या, पण त्याआधीच सृष्टी ताटली ओलांडून उभी राहिली होती.

"मी सृष्टी. मी सृष्टीच हाये, सकाळपासून. रोहित तिकडं बसलाय. मी आणते त्याला."

"सृष्टीनं तर तिकडं पाऊल..." ताईंनी सुरुवात केली.

"ते त्याचं होतं," सृष्टी म्हणाली. एवढं खरं ती आजवर एका दमात कधी बोलली नव्हती. बूट पायात अडकवून ती पळालीच.

पहिलीत रोहित नव्या पुस्तकाचा वास घेत होता. कितीतरी पानं त्यानं हुंगून संपवली होती. मॅडम फळ्यावर काहीतरी काढत होत्या, त्यांनी एकदा वळून बघितलं आणि पुन्हा काढत राहिल्या.

"ऊठ," सृष्टी हळूच म्हणाली.

"का?"

"तुला तिकडं बोलावलंय. तुझं नाव घेतलं."

"कुणी?"

"सिस्टरनी." पुढचं विचारू नये म्हणून तिनं घाईनं जोडलं, "काहीतरी द्यायचंय त्यांना तुला."

हे खोटं नव्हतं. तरी मांजराच्या अंड्यांसारखं ते सहज बाहेर पडलं नाही, जिभेला जरा चिकटलं.

रोहितनं विचार केला आणि पुस्तक पोटाशी धरलं. "नाय. माझं पाऊल हाये इथं."

"मी माझं देते आता."

"मग मी कोण?"

"तू रोहित."

"आधी दादा म्हण."

बाकावरची पोरं वळून बघायला लागली. सृष्टीनं मान खाली घातली. "दादा."

"मोठ्यानं."

"रोहितदादा, ऊठ ना रे."

रोहितदादा उठला. मुकुट काढून तिच्या हातात दिला, पुस्तक मात्र पुन्हा एकदा हुंगून ठेवलं, आणि कुणीतरी काहीतरी देणार या आनंदात नाक ओढत गेला.

मॅडमनी खडू ठेवला. परात ओट्यावरून आत घेतली, तो कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पुन्हा 'सृष्टी' लिहिलं. सृष्टीनं उजवा बूट काढला. पाणी गार होतं. पाय वर आला तो लालचुटुक. कागद समोर होता. तिनं पाय कागदावर धरला, आता टेकवायचाच राहिला होता.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आरोळी आली.

"ताईऽऽ"

आई नाही, सुवर्णाताईसुद्धा नाही. ही 'ताई' कोणती ते सृष्टीला बरोबर कळलं.

पाय तसाच अधांतरी राहिला. एकदा टेकवला की सुटका नव्हती. न टेकवता पळालं तर कदाचित अजूनही कुणी मनावर घेणार नव्हतं, आजचा दिवस निघून गेला असता. मॅडम तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"आलेच," सृष्टी म्हणाली आणि एका पायात बूट, दुसरा लाल, अशी निघाली. ओट्यावर एकाआड एक लाल पावलं उमटत गेली.

रोहितनं अंगणवाडीच्या दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली होती. सुवर्णाताई त्याला सोडवत होत्या. सिस्टर सुई घेऊन थांबल्या होत्या.

"मला काहीतरी देणार म्हणली होतीस," तो सृष्टीला बघून हंबरला.

"बाळा, तू बाजूला हो," सिस्टर तिला म्हणाल्या. "अंगणवाडीतली ना तू? जागेवर जाऊन बस."

सृष्टीनं सतरंजीकडे बघितलं. पल्लवी ताटल्या गोळा करत होती. रोहितची जागा रिकामी होती. नुसतं जाऊन बसायचं होतं.

"नाय," ती म्हणाली. "मी पहिलीतली."

"मग इथं काय काम?"

"ह्याला धरायला आले."

तिनं चौकटीवरचं त्याचं एकेक बोट सोडवलं. खाली बसली, त्याला मांडीत घेतलं, म्हणजे जेवढा मावला तेवढा घेतला, आणि त्याचा गाल आपल्याकडे वळवला.

"तिकडं बघू नको. मला सांग, वर्गात बाकावर पाय ठेवला तेव्हा मॅडम काय म्हणल्या?"

"मॅडम म्हणल्या..." रोहित हुंदका देत आठवायला लागला, "म्हणल्या, छान हाये, पण खाली..." आणि तेवढ्यात झालंसुद्धा. मग तो जो रडला, तो सगळ्यांना पुरेल एवढा रडला. सृष्टीनं त्याला रडू दिलं. लाल पायाचा डाग त्याच्या चड्डीला लागला, तोही लागू दिला.

"पहिलीत कुणाला सुई नसती का?" जरा वेळानं त्यानं विचारलं.

"असती असं वाटतं," ती म्हणाली. आज तिच्या तोंडून खोटं निघतच नव्हतं.

ती वर्गात परतली तेव्हा पायावर धूळच जास्त होती. मॅडमनी परात पुढं सरकवली. सृष्टीनं पाय पुन्हा बुडवला, यावेळी घोट्यापर्यंत, आणि कागदावर असा दाबला की पाणी चहूबाजूंनी उडालं. पाऊल उमटलं. थोडं फराटलेलं, अंगठा जरा बाजूला गेलेला, पण तिचं.

"शाबास," मॅडम म्हणाल्या. पाऊल वाळवत त्यांनी सहज विचारलं, "दुसराही देतेस का? जोडी छान दिसेल."

सृष्टीनं डाव्या पायाकडे बघितलं. तो अजून बुटात होता, स्वच्छ, कोरडा. भिंतीपलीकडून रोहितची उचकी ऐकू येत होती. तिनं वाकून बुटाचा पट्टा घट्ट केला.

"तो नको," ती म्हणाली. "तिकडं लागंल अजून."